नानांचे शेंगदाणे

आमच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवरचे किस्से केळ्यांसारखेच. एक पिकला की अख्खी फणी पिकते.

जळगावच्या या चेंबरवर मी महिन्याच्या बोलीवर लागले. चारही खोल्यांची थंडी सांभाळणारा प्रोग्रॅम बेसिक या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतला, इथेच काम करणाऱ्या शिरपूरच्या नानांनी तरुणपणी लिहिलेला. मालक म्हणाले, "अधूनमधून अडकतो. कारण शोधा, नोकरी पक्की." मी जोरात मान हलवली. बेसिक मी शिकले होते, पण परीक्षेपुरतं.

*

पहिल्या दिवशी माझी तीन वर्षांची मुलगी मनू दारात रडली. "तू परत येणारच नाहीस." चेंबरवरून मी सासूबाईंना अकरा फोन केले. बाराव्याला त्या म्हणाल्या, "अगं, झोपली होती. तू उठवलंस."

*

नानांना विचारलं, चूक कुठे असेल?

"बठ्ठं बराबर शे, पोरी." म्हणजे सगळं बरोबर.

रोज सकाळी ते कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे आणि तो बंद करून पुन्हा चालू करायचे. "देवले बी उठाडनं पडस."

मग नाना भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेले. उदबत्ती मी लावली. बटणाला हात लावायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम थांबला. वाटलं, माझीच उदबत्ती कमी पडली!

*

नाना परतल्यावर चूक शोधणारा डीबगर लावला. एक कळ दाबली की प्रोग्रॅमची एकच ओळ पुढे. गोसब आलं, म्हणजे प्रोग्रॅम एखाद्या खोलीच्या कामाला गेला, की नाना टेबलावर शेंगदाणा ठेवायचे. रिटर्न आलं, म्हणजे तो परतला, की उचलायचे. आणि खायचे.

टेबल दरवेळी रिकामं. शेवटी मी एका खोलीचं दार उघडून पाहिलं. दार उघडं दिसताच प्रोग्रॅम रिटर्न न करताच उडी मारून सुरुवातीला गेला. दाणा तसाच. पुन्हा उघडलं. दोन दाणे. असा मशीनच्या डोक्यात ढीग साठून जागा संपली की प्रोग्रॅम थांबायचा. एरवी रोज सकाळी नानांच्या बटणाने तो ढीग साफ व्हायचा.

"गया, पन उना नही," नाना म्हणाले. गेला, पण आला नाही. मग चष्मा पुसत, "आनि हाई मीच लिखेल शे."

रिटर्नची ती एक ओळ त्यांनी स्वतः टाइप केली. उदबत्ती अजून चालू आहे.

*

हे सगळं मी मनूला सांगितलं, काय समजून कोण जाणे. दुसऱ्या दिवशी निघताना ती रडली नाही. खिडकीत एक शेंगदाणा ठेवला.

नेमकी त्या संध्याकाळी बस चुकली. धावत घरी आले तर सासूबाई दारातच. "भूक लागलीय म्हणते, पण त्या दाण्याला कुणाला हात लावू देत नाही."

मनूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाणा उचलला आणि तोंडात टाकला.