तापीच्या वाळूतला पऱ्हाट्यांचा रस्ता

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! आम्ही चुलतभावंडं जळगावहून थेट आग्र्यापर्यंत गाडीनं जायचं ठरवत होतो आणि दुपारी जेवताना वाद पेटला, की गाडी चालवायला सगळ्यात भिकार शहर कोणतं? कोणी पुणं म्हणालं, कोणी इंदूर, आणि माझा भाऊ तर आपल्याच जळगावला शिव्या घालत होता. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पोलीस खात्यातून निवृत्त झाले त्याला जमाना झाला. जेवताना ते सहसा बोलत नाहीत. आज मात्र हात धुता धुता म्हणाले, "तुम्हाला रस्ते आहेत म्हणून शहरांना नावं ठेवता. मी एक असा ट्रक पकडलाय, ज्यानं रस्ता नसताना तापी ओलांडली."

झालं! मी लॅपटॉप उघडला. पुढचं सगळं त्यांच्या तोंडचं आहे, ते बोलत गेले तसं. नावं त्यांनी मुद्दाम गाळलीत.

ते प्रकरण कालचं असावं तसं डोळ्यांपुढे आहे बघ. मी नवा फौजदार, धुळ्याला. तेव्हा धुळं म्हणजे पश्चिम खानदेश आणि जळगाव म्हणजे पूर्व खानदेश. आखाजी तोंडावर आली होती. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ती. ऊन असं की ठाण्याच्या पत्र्याखाली शाई दौतीतच वाळायची. अशा दुपारी एक कापडाचे शेठ घाम पुसत आत आले. त्यांचा ट्रक इंदूरहून कापडाच्या गाठी घेऊन निघालेला, आणि ड्रायव्हरसकट गायब.

"पळवला साहेब त्यानं. माल विकून मोकळा झाला असेल. अपहाराची फिर्याद लिहून घ्या."

फिर्याद घेतली. बिनतारी वगैरे काही नाही, माणूस पाठवायचा नाहीतर तार करायची. सेंधव्याचा घाट उतरलं की शिरपूरला दारूबंदीचा नाका होता, तिथून उत्तर आलं की ट्रक नाक्यावरून गेला, झडती झाली, आत फक्त कापड. म्हणजे ट्रक शिरपूरपर्यंत आला हे नक्की. पुढे तापी ओलांडून सोनगीर, मग धुळं. हमरस्त्याला नदी ओलांडायची जागा एकच आणि तिथे आमचा शिपाई बसलेला. तो म्हणे, असा ट्रक आलाच नाही.

मग खबर मिळाली. एक बैलबाजारातला दलाल होता, बारा गावचं पाणी प्यायलेला. त्यानं सांगितलं, "साहेब, तो ट्रक शिरपूरहून चोपड्याच्या वाटेला वळला. मी डोळ्यांनी पाह्यला." चोपड्याची वाट नदीच्या उत्तरेनं जाते. म्हणजे ट्रक नदीच्या पलीकडे, आणि पूर्व खानदेशात, आमच्या हद्दीबाहेर. आता तिकडच्या ठाण्याला कळवा, परवानगी मागा. मी पत्र लिहायला बसलो, तेवढ्यात सोनगीरच्या पोलीस पाटलाचा माणूस आला, की तुमचा ट्रक आमच्या गडाखाली लिंबाच्या सावलीत उभा आहे आणि ड्रायव्हर खाली घोरतोय.

सोनगीर नदीच्या अलीकडे!

आमचे जमादार मिशी चावत म्हणाले, "साहेब, ट्रक काय उडी गया का?"

मी स्वतः गेलो. पंचांना घेऊन पंचनामा केला. गाठी मोजल्या, सगळ्या जागच्या जागी, शिलाई शाबूत. चोरीला एक सूतही गेलेलं नाही. ट्रकमध्ये दोनच गोष्टी विचित्र होत्या. ताडपत्रीच्या घड्यांत हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, चांगले मूठभर. आणि मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत, धुऱ्याला, कपाशीची वाळलेली झाडं अडकलेली. पऱ्हाट्या.

ड्रायव्हर तिशीचा असेल. अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा. उठवलं तर डोळे चोळत म्हणाला, "चला साहेब. येणार तर व्हतोच मी."

ठाण्यात आणला. जमादारांनी बाह्या सावरल्या. मी म्हटलं, थांबा. माझा एक अनुभव आहे, माणसाला त्याच्या आवडीचं बोलू द्यावं, नको तेही त्याच्या मागून बाहेर येतं. मी चहा मागवला आणि विचारलं, "काय रे, एवढा फिरतोस, ट्रक चालवायला वाईट गाव कुठलं?"

असा खुलला म्हणून सांगू! "साहेब, मुंबई सोपी. तिथं बठ्ठे, लहानथोर सगळे, घाबरलेले असतात, म्हणून नीट चालतात. मालेगावात टांगेवाल्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. दिली की तो घुसलाच समजा. इंदुरात गाय बसली तर ती उठेपर्यंत आपण बसायचं. पण आपलं धुळं! बाजाराच्या दिवशी आग्रा रोडला कापसाच्या गाड्या आडव्या लागल्या, की ड्रायव्हरनं डबा सोडावा, जेवावं, झोपावं. जाग आली की अजून तिथंच!"

जमादारसुद्धा हसले. मी हसता हसता विचारलं, "आणि शिरपूर सोडल्यावर कुठं होतास?"

कप खाली ठेवला त्यानं. संपलं. एक अक्षर नाही. मारा म्हणाला, कोठडीत टाका म्हणाला. "पण ते सांगणार नही, साहेब. शब्द दियेल शे."

कोणाला दिला? गप्प. कोर्टानं रिमांड दिला. शेठ रोज येऊन विचारायचे, कबूल झाला का? गुन्हा शाबित झाला असता तर तुरुंग होता, लायसन्स जाणार होतं. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी गप्प.

(इथे मी मध्येच म्हटलं, "आबा, बांगड्या म्हणजे बायका होत्या ट्रकमध्ये!" आबा म्हणाले, "ते मलाही कळलं होतं. कोणत्या बायका, ते सांग ना.")

मी शेतकऱ्याच्या घरचा. पऱ्हाट्या चाकाखाली कधी टाकतात? वाळूत गाडी रुतली की. आणि एवढी वाळू कुठं आहे? तापीत. मी पूर्व खानदेशच्या ठाण्याला कळवलं, त्यांचा एक शिपाई सोबत घेतला, आणि अमळनेरच्या बाजूनं नदीकाठच्या गावांना लागलो. सायकलवर. पहिल्या गावात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्या गावाची दरड चढून वर आलो आणि सायकल हातातून सुटली.

अगं, काय सांगू! भर उन्हाळ्यातली तापी. एवढं रुंद पात्र, पांढरी वाळू डोळ्यांत खुपत होती, मधोमध पाण्याची एक बारीक धार. आणि या काठापासून त्या काठापर्यंत, वाळूवर, पऱ्हाट्यांचा पट्टा. काळपट, सरळ, ट्रकच्या रुंदीचा. अख्ख्या शिवारातल्या पऱ्हाट्या आणून कोणी नदीवर रस्ता अंथरला होता. त्यावर चाकांचे दोन वळ, दोन्ही बाजूंनी बैलांच्या खुरांच्या खुणा. मी बांधकाम खात्याचे रस्ते पाहिलेत, पलटणीनं बांधलेले पूल पाहिलेत. पण तसा रस्ता नाही पाहिला. मी त्यावरून चालत गेलो. पायाखाली काड्या कुरकुरत होत्या. वर्दीतला माणूस मी, देवळात गेल्यासारखा पायताण काढायला निघालो होतो.

पलीकडच्या काठाला टरबुजाच्या वाड्या होत्या. एक म्हातारे नाना मांडवाखाली बसलेले, शेजारी पितळेची घागर पालथी ठेवलेली.

"राम राम नाना. हा रस्ता कोणी केला?"

त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं. "पाण्यासंगे वाहत उना व्हई. आपोआपच झाया, साहेब."

"ट्रकचा ड्रायव्हर कोठडीत आहे नाना. चोर म्हणून. तो बोलत नाही, तुम्हीही बोलला नाहीत तर तुरुंगात जाईल."

म्हाताऱ्यानं मला मांडवाखाली बसवलं. मग बोलला.

आपल्या खानदेशात आखाजीला सासरवाशीण माहेरी जाते, झोका खेळते. पण अशीच उठून जात नाही. भाऊ न्यायला यावा लागतो. मुराळी. मुराळी नाही आला तर बाई सासरी उंबऱ्यात बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघते. या ड्रायव्हरची एकुलती एक बहीण नानांच्याच, उत्तर काठच्या गावात दिलेली. आईबाप नाहीत. भाऊ कायम रस्त्यावर, आखाजीला कधी मुंबई, कधी इंदूर. दरसाल सासू टोमणे मारायची, "तुना भाऊ मोटार हाकस, बठ्ठी दुनिया फिरस, फक्त आमनं गाव त्याले सापडत नही." यंदा सासरच्यांनी बजावलं होतं की आता कोणी आलं नाही तर पुन्हा कधीच पाठवायची नाही. आणि शेठनं नेमकं त्याला इंदूरला धाडलेलं.

म्हणून परत येताना शिरपूरला त्यानं चाक वळवलं. भरल्या ट्रकसकट, मुराळी होऊन.

बहीण ट्रकमध्ये बसली. गावात बोंब झाली की मोटार नदीपार जातेय. मग काय! जिचं जिचं माहेर पलीकडे, आणि जिचा भाऊ आलेला नाही, ती ती गाठोडं घेऊन आली. आसपासच्या गावांतूनही आल्या. "हमरस्त्यानं गेलं तर लांब पडतं, आणि नाक्यावर बायांसकट धरतात," नाना म्हणाले. म्हणून नदी. ट्रक उताराला आला आणि पहिल्याच वाळूत पाटे टेकेपर्यंत रुतला. तेव्हा अख्ख्या गावानं चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग मोडले. पुढे बैल जुंपले. बाया गाठींवर बसून गाणी म्हणत होत्या, आणि ट्रक बोटबोट पुढे सरकत होता. पलीकडे जाऊन त्यानं एकेकीला तिच्या गावच्या वेशीत सोडलं. गायब होता ते दोन दिवस त्याचे यातच गेले.

"आणि ही घागर?"

नाना हळू बोलले. "एक पोर. सासरच्यांनी नही म्हणेल व्हतं. पाणी भराले उनी, ट्रक दखा, घागर ठेयी आणि चढी गई. ड्रायव्हरले शपथ घाली, सांगशी नको म्हनीसन."

मला तेव्हा त्याचं गप्प बसणं समजलं.

परत आलो. कोठडीपुढे उभा राहून म्हटलं, "मी नदीवर जाऊन आलो."

त्यानं मान वर केली. मला वाटलं, सुटकेचं विचारेल. तो म्हणाला, "पऱ्हाट्या उचलल्या का लोकांनी? पावसाच्या आत उचलाया पाहिजे साहेब, बायांना चुलीला लागतात."

आता अडचण माझी होती. खरं मला ठाऊक, पण कागदावर काय आणू? जबाब हवेत, आणि जबाबाला नावं लागतात. सासरी फक्त ती निघून गेल्याचं ठाऊक होतं; पोलिसांच्या कागदात परक्या माणसाच्या ट्रकसोबत नाव आलं की त्या पोरीचं सासर कायमचं तुटणार. त्यानं हात जोडले, "लिहू नका. मी भोगतो."

नानांनी गावोगाव निरोप धाडला असावा; आखाजी झाली आणि ठाण्याच्या आवारात बैलगाड्या लागल्या. एक, मागून दुसरी, मागून आणखी. बाया उतरल्या. हातात पुरणपोळ्यांची, सांजोऱ्यांची फडकी. सगळ्यांच्या पुढे त्याची बहीण. जमादारांनी दारात अडवलं. "कोण तुम्ही?"

"हाऊ आमना भाऊ शे," बहीण म्हणाली.

"तुझा असेल. या बाकीच्या?"

मागून सगळ्यांचा एकच गलका. "आमना बी शे!"

जमादार कोठडीकडे वळून ओरडले, "अरे, बहिणी तरी किती रे तुला?" आतून आवाज आला, "एकच व्हती, जमादारसाहेब!"

त्यांच्यातून एक बारकी पोर पुढे आली. पदर डोक्यावर घट्ट धरलेला. "घागर मन्ही शे. मन्हं नाव लिखा, साहेब. पहिलं मन्हंच लिखा. सासरी काय व्हई ते व्हई. पन त्यानी शपथ मी मोडस."

मी पंचवीस-तीस वर्षं जबाब घेतले, खुन्यांचे, पुढाऱ्यांचे. तो जबाब लिहिताना जेवढा सरळ बसलो तेवढा पुन्हा कधी बसलो नाही. शेठ तिथेच होते. पुटपुटले, "पण गाडी न विचारता नेली त्याचं काय?" बहीण फडकं सोडता सोडता म्हणाली, "इचारलं असतं तर देता का, शेठ?" शेठनं पोळी घेतली.

लबाडीचा हेतू नाही, माल शाबूत. मी सी समरी, म्हणजे गैरसमजातून फिर्याद झाली असा अहवाल, कोर्टाला पाठवली, ती मंजूर झाली, माणूस सुटला. त्या पोरीला सासरी पोचवायला मी नानांना आणि तिकडच्या पोलीस पाटलाला सोबत दिलं. तिची सासू दारातच उभी होती म्हणे. एवढंच म्हणाली, "घागर कथी शे?" घागर कुठाय, आणि पोरगी आत गेली.

त्या प्रकरणापासून मी एक शिकलो. माणूस गप्प बसला की पोलिसाला वाटतं, हा स्वतःला लपवतोय. पण काही माणसं दुसऱ्याला पाठीशी घालून उभी असतात. आधी त्यांच्या मागे कोण आहे ते बघावं, मग हात उचलायचा विचार करावा.

पुढच्या वर्षी माझी शिरपूरला बदली झाली. आखाजीच्या आधी ट्रक नाक्यावर पाणी भरायला आणि ड्रायव्हर जेवायला थांबला. यंदा रिकामा. शेठनं स्वतः पाठवलेला, वर बजावलं होतं, येताना टरबुजं आण. मला राहवेना. सायकल काढली आणि आडवाटेनं त्याच्या आधी नदी गाठली. बघतो तर पऱ्हाट्या अंथरून तयार. या काठापासून त्या काठापर्यंत. बैल जुंपलेले. बाया गाठोडी घेऊन रांगेनं बसलेल्या, सगळ्यांच्या माना रस्त्याच्या वळणाकडे.

नाना म्हणाले, "आजून ऊना नही. पन येई."

आणि मग लांबून हॉर्न वाजला.

एवढं सांगून आबा उठले आणि झोपायला गेले! मी अजून इथंच बसलेय, ट्रिपचा नकाशा समोर उघडा आहे आणि तापी दिसली की बोट तिथंच थांबतंय. आम्ही आता नदीकाठानं जाणार, ठरलं. पण आधी तुम्ही सांगा. तुमच्या आजीला, आईला, मावशीला आखाजीला न्यायला कोणी असं वाट वाकडी करून आलं होतं का? की ती उंबऱ्यात बसून राहिली होती? घरी विचारा ना, आत्ताच विचारा, आणि मला सांगा.