डोळे मिटून बार्शी

"आरं, धरा की मला! कॉट उलटी हुतीय!"

खोलीतली कॉट म्हणजे सिमेंटचा ओटा होता. तो उलटायचा तर आधी सोलापूर उलटावं लागलं असतं. पण एस.टी.चा तो ड्रायव्हर असा ओरडला, की पलीकडच्या गिरणीच्या भोंग्यानं लाजून दोन दिवस तोंड उघडलं नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मी तेव्हा यंत्र सांभाळायचो. कानात गार पाणी सोडलं की माणसाला गरगरतं आणि मिटल्या पापण्यांआड बुबुळं आपोआप झटके मारतात. डोळ्यांच्या कडेला चिकटवलेल्या तारांमधून ते झटके टेपवर उतरायचे आणि टेप मुंबईला जायची. तिथं एक कॉम्प्युटर होता, आमच्या अख्ख्या दवाखान्याएवढा. मे महिन्यातही त्याला हिवाळा लागायचा. तो झटके मोजून सांगायचा, कुठला कान बिघडलाय.

ड्रायव्हरला चक्कर आली होती ती एकदाच, निर्जळी उपासाच्या दिवशी, डेपोच्या उन्हात. पण डेपोच्या साहेबांनी त्याला गाडीवरून उतरवून टायर धुवायला लावलं. दाखला मिळाला तर स्टेअरिंग, नाहीतर जन्मभर टायर.

तपासणीत पेशंटला गुंगी आली तर झटके मंदावतात. म्हणून त्याला बोलतं ठेवायचं, तेही त्याच्याच धंद्याचं, हा डॉक्टरांचा नियम. विणकराला आम्ही चादरीचे रंग विचारायचो. याला बार्शीच्या रस्त्याचे थांबे म्हणायला लावले. कॉट उलटत असतानाही गड्यानं एक थांबा चुकवला नाही. बाभळीखाली हात करणारी म्हातारीसुद्धा वाटेत घेतली.

मुंबईचा निकाल वाईट आला. पाणी उजव्या कानात घाला नाहीतर डाव्या, याचे डोळे उजवीकडंच उडतात; एरवी कान बदलला की झटक्यांची बाजूही बदलते. डॉक्टर म्हणाले, बिघाड कानात नसून डोक्यात असावा, गाडी आता विसरा. ड्रायव्हर या वेळी ओरडला नाही.

"मग टायरच की," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा तो ओरडलेला परवडला असता.

डॉक्टरांना मात्र तो निकाल पचेना. त्यांनी त्याला पुन्हा निजवलं, पाणी न घालता थांबे म्हणायला सांगितले आणि स्वतः त्याच्या मिटल्या डोळ्यांवर वाकले. वडाळा आलं. माणसं चढली. ड्रायव्हर पुटपुटला, "डबल बेल," आणि पापणीआडचं बुबुळ टुणकन उजवीकडं गेलं. वैरागला पुन्हा तेच. आपसूक बसणारा झटका कुठला आणि माणसाचं साधं बघणं कुठलं, हे कॉम्प्युटरला उमगलं नव्हतं. त्यानं सगळंच एका मापात मोजलं होतं.

मग पाणी घालून नवी टेप केली. या खेपेला त्याला घरच्या शेळ्यांची नावं घ्यायला लावलं. टेप संपली, शेळ्या संपल्या नाहीत. मुंबईहून निकाल आला: दोन्ही कान ठणठणीत.

दाखल्यावर सही करताना डॉक्टरांनी विचारलं, "अहो, डोळे मिटलेले, खाली गाडी नाही, रस्ता नाही. दर थांब्याला उजवीकडं बघत काय होता?"

ड्रायव्हरनं दाखल्याची घडी करून खिशात घातली.

"आरसा. निघायच्या आदी मागलं बघाया लागतंय की."