नातीचे चिखलाचे पाय

मंडळींनू, मी सांगतेय आणि नात सायली टाइप करतेय. काही गाळलंस तर जेवण नाही, असा दम दिलाय.

आज तिला बघायला पाहुणे आले आणि ही आचऱ्याच्या खाडीतून गुडघाभर चिखलाने माखून दारात उभी. पर्यावरणाचं एमएस्सी करते, खाडीचा चिखल तपासते. मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर ह्या सगळा बंद करूक व्हया हां."

सायलीचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "बाई, साठ सालाच्या सुमारास मी नवी सून. ह्याच चिखलात तिसरे-शिंपले काढूक जाय होतंय. तेव्हा कोणाक लाज वाटली नाय. सगळ्यांनी बोटां चाटून कालवण खाल्ल्यानी!"

पाहुणे चहा टाकून उठले. उद्या ओहोटीला पोरगी पुन्हा खाडीत उतरणार.

तुमच्या दारात असे पाय आले तर पाणी द्याल की नाक मुरडाल?