गोविंदमामांची घरपट्टी

गोविंदमामा कोणाच्याही घरी गेले आणि समोर पाण्याचा पेला आला, की आधी विचारत, "हे पाणी कुठलं?" नळाचं, विहिरीचं की गोदेचं, हे कळल्याशिवाय ते पेल्याला हात लावत नसत. नवख्या माणसाला वाटे, मामा सोवळ्याचे कडक असावेत. तसं मुळीच नव्हतं. ही सवय त्यांना कशी लागली ते मी त्यांच्याच घरात राहून पाहिलं.

मी मूळची कळवणची. पुढे शिकायचं म्हणून वडिलांनी मला नाशकात मामांकडे ठेवलं. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. घरामागेच मामांचा पितळी पत्र्याचा कारखाना होता. सकाळी इंजिन सुरू झालं की फडताळातल्या कपबशा किणकिणत, आणि संध्याकाळी ते थांबलं की आपल्याला बराच वेळ ऐकू येत नाही असं वाटे. मामा अंगाने भरलेले, बोलण्यात चलाख. "समोरच्याला पटवता येत नसेल तर हसवावं," ते म्हणत, "हसला की निम्मा आपला." म्युनिसिपालिटीत ते निवडून आले होते ते या जिभेच्या जोरावरच.

कारखान्याच्या पलीकडे उताराला एक गल्ली होती. कारखान्यातले बरेच कामगार तिथे राहत. गल्लीच्या मधोमध उघडी मोरी आणि मोरीच्या शेवटी सगळ्यांची एकच विहीर. त्या गल्लीत बांधीव गटार आणि नळ न्यावा असं म्युनिसिपालिटीने ठरवलं. पैसा कुठून आणायचा? तर गावातले कारखाने तोवर जुनी गोदामं म्हणून नाममात्र घरपट्टी भरत होते, त्यांना आता कारखान्यांसारखी पट्टी लावावी, अशी सूचना आली.

मामा बोलायला उभे राहिले. "घरपट्टी घराला असते," ते म्हणाले. "घरात माणसं राहतात. माझ्या कारखान्यात राहतं इंजिन. ते नळावर पाणी भरायला येत नाही आणि गटारात आंघोळीचं पाणी सोडत नाही. मग त्याने कसली पट्टी भरायची?"

सभा हसली. सूचना पडली. रात्री जेवताना मामांनी ते भाषण आम्हाला पुन्हा करून दाखवलं. मी तर ठसका लागेपर्यंत हसले. मामी वाढत होत्या, त्या हसल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात मोरी तुंबली, पाणी विहिरीच्या कठड्यावरून आत गेलं आणि गल्लीत पटकीची साथ आली. कारखान्याच्या इंजिनावर उस्मानभाई मिस्त्री होते, आम्हा मुलांचे उस्मानचाचा. त्यांची सून रुकय्या दोन दिवसांत गेली. ईदच्या आधी ती मामींकडे येऊन माझ्या हातावर मेंदी काढायची. तिचं मूल नुकतं बसू लागलं होतं.

मामा भेटायला गेले तेव्हा मामींबरोबर मीही होते. उस्मानचाचांनी ओट्यावर सतरंजी टाकली. आम्ही बसलो.  चाचा हात जोडून म्हणाले, "माफ करा शेठ, पाणी विचारत नाही. या विहिरीचं पाणी आता आम्ही कुणालाच विचारत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाहुण्याला पाणी देता येत नाही याची त्यांना खरोखरच लाज वाटत होती. मामांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. त्यानंतर ते मला विनोद करताना दिसले नाहीत. कोणी जुन्या सवयीने त्यांच्याकडे हसून पाहिलं, की ते नजर चुकवत.

काही दिवसांनी त्यांनी मामींना सांगितलं, "रुकय्याच्या नावाने गल्लीत नळ बांधून देतो. पदरचे पैसे घालून."

मामी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "द्या की. लोक तुमच्या पाया पडतील."

"पाया पडावं म्हणून नाही देत मी."

"तुम्ही नाही म्हणालात तरी पडतीलच. दान दिलंत तर ते पाणी तुमचं. पट्टी भरलीत तर त्यांचं. आणि एका गल्लीत तुम्ही द्याल, बाकीच्यांनी काय एकेक शेठ शोधायचा?"

नळ बांधून द्यायचा बेत मामांनी सोडला. पडलेली सूचना त्यांनी पुन्हा आणली, या वेळी स्वतःच्या नावावर. भाषण असं केलंच नाही. एवढंच म्हणाले, "मागे मी म्हटलं होतं, इंजिन पाणी भरायला येत नाही. पण इंजिन चालवणारा येतो. तो मी तेव्हा मोजला नाही. तुम्ही हसलात, तो दोष तुमचा नाही. हसवलं मी."

सूचना जेमतेम पास झाली. दामोदरशेठ मामांचे भागीदार आणि लहानपणापासूनचे मित्र. ते दुसऱ्या दिवशी घरी आले. "स्वतःच्या पापाचं प्रायश्चित्त घ्यायचं तर एकट्याने घ्यावं, गोविंदा. आम्हाला कशाला त्यात ओढतोस?" भागीदारी मोडली. दामोदरशेठ आपला हिस्सा घेऊन सातपूरच्या वाटेला, म्युनिसिपालिटीच्या हद्दीबाहेर गेले. कारखाना अर्ध्यावर आला. मामांना त्याचं दुःख झालं, पण तक्रार त्यांनी केली नाही. काहीतरी शिक्षा मिळाली हे त्यांना बरंच वाटलं असावं.

गटार झालं, नळ आला. मग शेजारच्या गल्ल्यांतही आला. समारंभाला मामांना हार घालायचा बेत होता. ते त्या दिवशी त्र्यंबकला निघून गेले.

पुढे उस्मानचाचांची नजर मंदावली आणि ते धाकट्या मुलाकडे मालेगावला जायला निघाले. टांगा दारात उभा होता. रुकय्याचा मुलगा आत चढून घोड्याचा लगाम मागत होता. चाचा मामांचा निरोप घ्यायला ओसरीवर आले. इतक्या वर्षांत त्या विषयावर दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

मामा म्हणाले, "उस्मानभाई, तुम्ही मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाहीत."

"बोलून काय होणार होतं, शेठ?"

"मग माफ तरी केलंत का?"

चाचा काठीवर रेलले. "मी तुमचं मीठ खाल्लंय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी रोज दुवा मागतो, ते खोटं नाही. पण माफीचं मला विचारू नका. ती मी कशी देऊ? मरण माझं नव्हतं, तिचं होतं. ती असती तर तिला विचारलं असतं."

मला वाटलं, मामा कोसळतील. पण ते पुढे झाले, चाचांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या, टांग्यात बसवलं, पोराच्या अंगावरून हात फिरवला.

टांगा वळणाआड गेल्यावर मी म्हटलं, "चाचांनी असं बोलायला नको होतं."

"का?" मामा म्हणाले. "घराबाहेर माझ्याशी खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता. तोही आज गेला."