कमानीत अडकलेला दरबार

कोल्हापूरचा माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या तालमीचा चित्ररथ मागं पडलेला त्याला खपायचा नाही. आमचे आबा तर पेठेतल्या तालमीचे कारभारीच. दिवसभर उद्यमनगरातल्या फौंड्रीत राबायचं आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून साऱ्या जगाचा निवाडा करायचा, हा त्यांचा नेम. घरातल्या बायका काय म्हणतात ते ऐकायला त्यांना सवड नसायची. तालमीतलं शेंबडं पोर काही बोललं तर मात्र मान हलवून ऐकायचे.

सत्तर-बाहत्तरचा सुमार. मी मॅट्रिक पास झाले होते आणि मला पी.डी.ला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. वर्गातल्या दोघींचं नाव कॉलेजात घालून झालंसुद्धा. मी आबांच्या ताटाजवळ बसून रोज विषय काढायची आणि ते रोज भाकरी मोडत म्हणायचे, जयंती होऊ दे. जयंतीनंतर प्रवेश मिळतोय की राहतोय, कुणास ठाऊक. आईला सांगावं तर ती म्हणायची, त्यांच्या मनात असंल तसं हुईल. आमच्या घरात सगळं त्यांच्याच मनासारखं व्हायचं, त्यात नवीन ते काय!

त्या साली आमच्या तालमीनं दरबार करायचं ठरवलं. महाराज सिंहासनावर बसलेत, समोर एक मुलगी येते, मला शिकायचं आहे म्हणते आणि महाराज तिच्या हातात पाटी देतात, असा देखावा. संवाद शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेला. महाराज झाला तालमीतला एक पैलवान. देह कसा अगदी शोभेल असा, पण गडी चौथीतूनच शाळेला रामराम ठोकून आलेला. प्रश्न मुलीचा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावासमोर उभी राहायला कोण आपली पोरगी देणार? कारभाऱ्यानंच दिली पाहिजे, असं तालमीत ठरलं. आबा मला म्हणाले, तू उभी ऱ्हा, मग तुझ्या कॉलेजचं काय ते करू. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी रात्रंदिवस ते एकच वाक्य पाठ करत बसले.

आता आमची ईर्षा बघा. गेल्या साली रस्त्यापलीकडच्या तालमीनं बांबूचा हत्ती केला होता आणि सारं गाव माना वर करून बघत होतं. तेव्हा यंदा आपलं सिंहासन त्या हत्तीपेक्षा उंच पाहिजे आणि वर छत्री पाहिजे. मास्तरांनी आदल्या दिवशी जाऊन भवानी मंडपाच्या कमानीची उंची बघून आणली. दरबार त्या मापात बसवला. बसवला तो तालमीच्या अंगणात, जमिनीवर. उचलून ट्रॉलीवर ठेवल्यावर ट्रॉलीची उंची त्यात मिळवायची असते, हे साऱ्या पेठेत कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

मला सिंहासनाच्या पायरीवर उभं केलं. हादऱ्यानं पडू नये म्हणून वासराला बांधावं तशा मायेनं कंबरेभोवती फेट्याचं कापड गुंडाळलं आणि मागच्या बांबूला करकचून आवळलं. वरून पदर घेतला की कुणाला काही दिसायचं नाही. गाठ बांबूच्या पलीकडं, माझा हात पोचायचा नाही. मी म्हटलं, जरा सैल करा. तर म्हणाले, आमची गाठ हाय, सुटायची न्हाय.

मिरवणूक निघाली. पुढं हलगी, घुमकं, दांडपट्टा फिरवणारी पोरं. वरून भुरभुर पाऊस, तरी गंगावेशीपासून दोन्ही बाजूला माणूसच माणूस. प्रत्येक चौकात ट्रॅक्टर थांबायचा, हलगी थांबायची, मास्तर माईक माझ्या तोंडाशी धरायचे आणि मी म्हणायची, "महाराज, मला शिकायचं आहे." पैलवान पाटी द्यायचा. टाळ्या पडायच्या. खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटत होतं. पापाच्या तिकटीला तर मला वाटलं, सारं कोल्हापूर माझ्या बाजूनं आहे. आबा काय आता नाही म्हणतायत!

भवानी मंडपाच्या कमानीत शिरलो आणि डोक्यावर काड्कन आवाज झाला. छत्रीचा कळस कमानीला अडकला. ट्रॅक्टर पुढं जाईना. मागं घ्यावा तर मागं लागूनच पलीकडच्या तालमीचा रथ. ते म्हणाले, आम्ही मागं सरणार न्हाय. आमची माणसं म्हणाली, आम्ही सरा म्हणणार न्हाय. छत्री उतरवा म्हणावं तर महाराजांच्या डोक्यावरची छत्री जयंतीदिवशी उतरवणार कोण? झालं. कमानीखाली अंधार, ट्रॅक्टरचा धूर, दोन्हीकडून हलग्या. पैलवान दोन्ही हातांनी छत्रीचा दांडा धरून उभा आणि मी बांबूला बांधलेली. श्वास घेतला की कापड आणखी रुतायचं.

तेवढ्यात माझा मामा चाकावर पाय देऊन वर आला. चेहरा नुसता फुललेला. म्हणाला, पोरी, काम झालं. कसलं काम? तर कुरुंदवाडचे पावणे महाद्वारापासून रथाबरोबर चालत होते. घरी बसवून पोहे खाऊ घालण्यापेक्षा मुलगी दरबारात उभी दाखवावी, असं आबांच्या डोक्यातून निघालं होतं. महाराजांच्या शेजारी उभ्या पोरीला नको कोण म्हणंल? पावण्यांना मुलगी पसंत होती. परतीची एस.टी. गाठायची होती, आणि रथ अनायासे थांबलेलाच होता, तर इथंच नारळ देऊन टाकू म्हणत होते. आबांनी शब्दसुद्धा दिला होता, जयंतीच्या आधीच.

मी मामाला म्हटलं, मला सोड. तो म्हणाला, आत्ता सोडलं तर पडशील की. मी मागं हात घालून गाठ चाचपडायला लागले, नखं मोडली, बांबू हलला. पैलवान वरून कळवळून म्हणाला, बाई, हलू नको, छत्री पडंल. रडू येत होतं आणि रागानं डोकं फुटत होतं. एवढी माणसं समोर, आणि मला दोन पावलं चालता येत नव्हती.

आबा आले. मी हळूच म्हटलं, कॉलेजचं काय? ते हसले. आपण काहीच वाईट केलेलं नाही असं मनापासून वाटणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. म्हणाले, चांगलं घर हाय, त्यांच्या मनात असलं तर शिकवतील ती. आता तमाशा करू नको, गाव बघतंय. मग त्यांनी हात देऊन एका बाईला ट्रॉलीवर चढवलं. मुलाची आई. काठापदराचं लुगडं, हातात तबक, तबकात कुंकू, साखर आणि नारळ.

खाली माणसं कंटाळली होती. कुणीतरी ओरडलं, रथ न्हाय हालत तर संवाद तरी होऊ द्या. मास्तर बिचारे घाबरून गेलेले, त्यांनी सवयीनं माईक माझ्या तोंडाशी धरला. हलग्या थांबल्या. मी आबांकडं बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं.

"मला लगीन करायचं न्हाय. मला शिकायचं हाय."

कर्ण्यातून ते साऱ्या मंडपात घुमलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! शिट्ट्या झाल्या, फेटे उडाले. पलीकडच्या तालमीची माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती. ह्येला म्हणायचं संवाद, काळजाला हात घातला पोरीनं, असं त्यांचा कारभारी सगळ्यांसमोर म्हणाला आणि खूश होऊन त्यांनी आपला रथ मागं घेतला. जे तासभर भांडून झालं नव्हतं ते माझ्या एका बोलण्यानं झालं. आमचा ट्रॅक्टर मागं सरला, कळस सुटला, दरबार मोकळा झाला. लोक पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणून ओरडायला लागले. मास्तर बाजूला झाले होते, म्हणून आबांनी स्वतः माईक हातात घेतला आणि माझ्यापुढं धरला. त्यांना कळलं होतं. साऱ्या मंडपात त्यांना एकट्याला कळलं होतं, आणि तरी ते माईक धरून हसत उभे होते. मी तोंड बाजूला फिरवलं.

एकट्याला म्हटलं ते चुकलं. त्या बाईनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती माझ्या अगदी जवळ आली, कपाळाला कुंकू लावलं, तोंडात साखर घातली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मीबी म्हणलं हुतं, पोरी. चुलीम्होरं म्हणलं, म्हणून टाळ्या तेवढ्या पडल्या न्हाईत."

मग तिनं माझा पदर पुढं ओढला आणि त्यात नारळ टाकला. ट्रॅक्टरनं हिसका दिला. ओटीतला नारळ खाली पडणं वाईट, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.