रानभाजी महोत्सवातली मेथी

जव्हारच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. म्हणजे ज्या मुली घरी नाचणीची भाकरी माझ्याहून चांगली थापत होत्या, त्यांना मी फळ्यावर कस्टर्डची कृती लिहून दिली. अशा माणसाला निवृत्तीनंतर गावात तज्ज्ञ म्हणतात. त्यामुळे रानभाजी महोत्सवाची परीक्षक म्हणून माझं नाव पुढे आलं, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

माझी रानभाज्यांची सगळी विद्या दारात बसून मिळवलेली. दाभोशाची एक बाई बरीच वर्षं आमच्याकडे भाजी घेऊन येते. सकाळच्या जीपने जव्हारला उतरते आणि चार ठरलेली घरं करून बाजारात बसते. तिच्या मुलीला मी शिकवलं म्हणून ती मला बाई म्हणते. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, तरी मी तिला मावशी म्हणते. शहाणपण कोणाकडे आहे हे आमच्या दोघींच्या संबोधनांनी असं परस्पर ठरवून टाकलं आहे.

त्या वर्षी मावशी मे महिन्याच्या मध्यालाच शेवळं घेऊन आली. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे तपकिरी कोंब. आमच्याकडे ती जूनच्या सुरुवातीला खायची असतात, निदान मी तरी तसं धरून चालले होते. पण पाऊस मेमध्येच चार दिवस बदाबदा पडून गेला होता, आणि शेवळांनी माझी परवानगी न घेताच डोकी वर काढली होती. मी पाटीतली एक जुडी उचलून पाहिली आणि म्हटलं, इतक्या लवकरची नकोत, पंधरा दिवसांनी घेऊन ये.

"पंधरा दिवसांनी नाय भेटायची, बाई," ती म्हणाली. "आत्ता हायेत तीच."

मी नको म्हटलं. शेजारच्या दोन घरांनीही नको म्हटलं. शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, आणि ती फळं अजून झाडावर बोराएवढीसुद्धा झाली नव्हती. निसर्गानं एकाच भाजीतल्या दोन जिनसा वेगवेगळ्या वेळी पाठवल्या होत्या, आणि शिक्षा आम्ही मावशीला केली. ती भरली पाटी घेऊन परत गेली. मग पाऊस जो गेला तो तीन आठवडे फिरकला नाही.

नेमक्या या कोरड्या आठवड्यांत एका सरकारी खात्याच्या साहेबांनी मला बोलावणं धाडलं. खात्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी मला शाल दिली आहे. साहेब तरुण होते, मनाने चांगले होते आणि नुकतेच बदलून आले होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. हवामान बदलाच्या काळात स्थानिक अन्नपरंपरेचं संवर्धन, असा विषय होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात महोत्सव होता. एकवीस रानभाज्यांची यादी होती आणि कुठल्या गावच्या बचत गटाने कुठली भाजी आणायची तेही लिहून तयार होतं. वांगणीच्या गटाकडे टाकळा, दाभोशाच्या गटाकडे शेवळं.

मी त्यांना सांगितलं की शेवळं येऊन गेली. टाकळा मेच्या पावसावर उगवला आणि नंतरच्या उन्हात करपला. जो उरलाय तो इतका जून झालाय की गुरंही तोंड लावत नाहीत. साहेबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि विचारलं, मग महोत्सवापर्यंत काही सोय होऊ शकेल का? वरिष्ठ त्याच दिवशी येणार होते. फ्लेक्स छापून झाला होता. हवामान बदलावरचा कार्यक्रम हवामान बदललं म्हणून पुढे ढकलायचा, ही कल्पना त्यांना फारच टोकाची वाटली.

"बायकांना सांगा, कसंही करून आणा," ते म्हणाले. "तुमचं ऐकतील त्या."

इथे मी उठून यायला हवं होतं. मी चहा घेतला आणि हो म्हटलं.

महोत्सव एका सभागृहात झाला. टेबलांवर पांढरे कपडे, त्यांवर केळीची पानं, पानांवर भाज्या आणि प्रत्येक भाजीपुढे नावाची पाटी. एकवीसच्या एकवीस भाज्या हजर. रानात महिनाभर पानाचा पत्ता नसताना टेबलावर असा हिरवागार बहर पाहून वरिष्ठ भारावून गेले. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातले स्वयंपाकी. त्यांनी काळा कोट घातला होता आणि प्रत्येक घासाला ते डोळे मिटत होते.

पहिल्या टेबलावर कोळीची भाजी होती. मी चव घेतली. ती कांद्याची पात होती. दुसऱ्या टेबलावरचा कुर्डू म्हणजे पालक होता, आणि तोही नाशिकहून पहाटेच्या टेम्पोने येतो तो, कारण तसलाच आदल्या दिवशी मी बाजारातून आणला होता. मी त्या गटाच्या बाईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या फ्लेक्सकडे बघत राहिली.

वांगणीच्या टेबलावर टाकळा होता, मुगाची डाळ घालून केलेला, लसणाची फोडणी दिलेला. एक घास घेतला आणि ओळखला. मेथी. उत्तम मेथी, अगदी मोजकं मीठ, पण मेथी. मुंबईच्या पाहुण्यांनी डोळे मिटले आणि या खेपेला ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हा कडवटपणा," शेवटी ते म्हणाले, "शेतातल्या भाजीत येऊच शकत नाही. हे जंगल आहे."

वरिष्ठांनी मान डोलावली. मीही डोलावली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांबरोबर मान डोलावण्याचा सराव इतका झाला आहे की मानेला आता माझी गरज लागत नाही.

दाभोशाच्या टेबलामागे मावशी उभी होती. तिच्या पानावर मूठभर काळपट भाजी होती. दिसायला सगळ्यांत वाईट. मी तोंडात घातली. ती शेवळं होती, खरीखुरी, धुराचा वास लागलेली आणि चिंचेने आंबट केलेली. त्या दिवसातली तेवढीच एक रानातली भाजी.

साहेबांनी विचारलं, ताजी आहेत ना? नियमात तसं होतं. सभागृहातल्या वीस भाज्या टेम्पोतून उतरलेल्या होत्या आणि सगळ्या ताज्या होत्या.

"वाळवलेली हायेत," मावशी म्हणाली. "मेमधी गावात कोणी घेतली नाय. अंगण तवा ओलंच होतं, मग चुलीवरच्या माळ्यावर टाकली."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

भाजी स्पर्धेतून बाद झाली. साहेबांना वाईट वाटलं, ते तसं म्हणालेही. गुणपत्रिकेवर मी सही केली. पहिला क्रमांक वांगणीच्या टाकळ्याला गेला. गटातल्या नऊ जणींना एकेक प्रेशर कुकर मिळाला, मला शाल आणि नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझा फोटो आला: हातात द्रोण, द्रोणात मेथी, खाली मजकूर 'जंगलाची चव टिकवणारे हात'.

तो फोटो दोन दिवस बघितल्यावर मला माझी सदसद्विवेकबुद्धी आठवली. तीन दिवस उशिरा आठवली, पण आठवली. मी साहेबांच्या कार्यालयात पत्र दिलं की पहिला आलेला पदार्थ टाकळा नसून मेथी होता, आणि खरी रानभाजी एकाच गटाने आणली होती, तरी निकालाचा फेरविचार व्हावा. आठवड्याने उत्तर आलं. तक्रारीची दखल घेतली आहे. सदर पदार्थाचा नमुना पुराव्यादाखल सादर करावा. नमुना मुंबईचे पाहुणे डोळे मिटून संपवून गेले होते.

ही गंमत सांगावी म्हणून मावशी आली तेव्हा मी तिला पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती ओट्यावर टेकली.

मग तिने मला सांगितलं ते असं. वांगणीच्या बायका त्या दिवशी अंधारात निघाल्या होत्या. रस्ता वाहून गेलेल्या टप्प्यात जीप येत नाही, तिथे त्या भाजीची पातेली डोक्यावर घेऊन चालल्या. जो गट येणार नाही त्याचं नाव पुढच्या सरकारी बियाणे-वाटपाच्या यादीत राहील की नाही सांगता येत नाही, असं त्यांना कोणीतरी ऐकवलं होतं. टाकळा शोधायला दोन दिवस रान पालथं घातलं, तेव्हा कुठे बाजारात गेल्या.

"तुम्हीच निरोप धाडलेला ना, कसंही करून आणा," मावशी म्हणाली. "त्यांनी आणली. आता काय, त्यांचे कुकर काढून घेनार?"

मी म्हटलं, पण बक्षीस तुझं होतं.

"माझी भाजी मी घरी नेऊन खाल्ली, बाई. चांगली झालेली."

माझ्या पत्रात हवामान होतं, परंपरा होती, सत्यही होतं. त्या नऊ बायका तेवढ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन पत्र मागे घेण्याचा अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने कारण विचारलं. मी 'गैरसमज' असं लिहिलं. त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, बाई, बहुतेक अर्जांचं कारण हेच असतं.

साहेबांची पुढे बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी अहवालात एक सूचना केली, आणि ती मंजूरही झाली: शेवळं लवकर येतात हे लक्षात घेऊन पुढचा महोत्सव मेमध्ये घ्यावा. पुढच्या वर्षी जून अर्धा सरेपर्यंत थेंब पडला नाही. महोत्सव मेमध्येच झाला. मला बोलावणं होतं. मी तब्येतीचं कारण सांगितलं. एकवीस भाज्या आल्या होत्या असं पेपरात वाचलं.

मावशी आता येण्याआधी फोन करते. रानात काय निघालंय ते सांगते आणि हवंय का विचारते. मी हो म्हणते. काही वेळा भाजी कोवळी असते, काही वेळा फक्त वाळलेलीच असते, आणि मधे दीड महिना असा गेला की फोनच आला नाही. शेवटी मीच केला. रानात काहीच नाही, ती म्हणाली, आणि घरात काय शिजतंय असं मी विचारल्यावर हसून सांगितलं, मेथी.