पाचचा चहा

मी रोज पहाटे चारला उठते. या सवयीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. सून म्हणते, "आई, म्हणूनच तुमची तब्येत एकदम फिट आहे," आणि स्वतः साडेआठला उठते. डॉक्टर म्हणतात, रोज ठरल्या वेळी उठलं की झोप, भूक, डोकं, सगळं ताळ्यावर राहतं. राहत असेल. पण मी काही तब्येतीसाठी उठायला लागले नव्हते. आणि आधी कितीतरी वर्षं मी पाचला उठायची.

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, तेव्हा ह्यांची कचेरी ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून उचलून तिकडे नेली. फायली गेल्या, कपाटं गेली, त्यांच्यामागे माणसं गेली. तिकडे राहायला घरं नव्हती. एकेका खोलीत तिघे-चौघे बाबू राहत. आमचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. शिवाय सासूबाई होत्या. कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्या सोडायला त्यांनी साफ नकार दिला. "मी नाही येत कुठे. भोपाळला काय ठेवलंय?" मग मी त्यांच्यापाशी राहायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "अगं, दोन-चार महिन्यांची तर बात आहे. असं करू, मी तिथे रोज पाचला उठून चहा करीन. तू पण इथे पाचला ऊठ. दोघं एकाच वेळी पिऊ, म्हणजे लांब आहोत असं वाटणार नाही." मला ते फार आवडलं. वय विशीचं, तेव्हा काहीही आवडायचं. घरात गजराचं घड्याळ एकच, तेही ह्यांना देऊन टाकलं.

आणि मला ते कधी लागलंही नाही. थोड्याच दिवसांत पाचला आपोआप डोळे उघडायला लागले. ग्वाल्हेरच्या थंडीत रजईतून पाय बाहेर काढणं जिवावर यायचं. तरी उठायची, अंगीठी पेटवायची आणि चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायची. आता ह्यांनी पहिला घोट घेतला असेल, साखर कमी पडली असेल, ह्यांना अंदाज कुठला! मग कालचं सगळं त्यांना सांगून टाकायची. सासूबाई काय बोलल्या, नळाचं पाणी कसं लवकर गेलं, शेजारणीने दूध तापवायला नेलेलं भगोनं अजून कसं परत आलं नाही. हे सगळं ऐकून घेत. समोर असताना त्यांनी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

दोन-चार महिने कुठले, वर्षं गेली. मुलगा झाला, शाळेत जायला लागला. हे सणावाराला येत, पहाटे जांभया देत माझ्या शेजारी बसत आणि मी चिडवायची, "साहेबांना भोपाळची हवा मानवलेली दिसत नाही!" मी एकटी पडले होते, यात खोटं काही नाही. माहेर लांब, सासूबाईंना ऐकू कमी. संध्याकाळी आसपासच्या बायकांचे नवरे सायकली लावून घरात शिरत, तेव्हा मी दारात उभी राहायचं टाळायची. पण उद्या पाचला भेट आहे, एवढ्यावर दिवस निघायचा.

एकदा नणंद राहायला आली. मुलाला आणि सासूबाईंना तिच्यावर सोपवून मी पहिल्यांदाच भोपाळला गेले. ह्यांच्या खोलीतले बाबू माझ्यासाठी दुसरीकडे झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी हे भाजी आणायला बाहेर पडले असताना त्यांतला एक आपले कपडे न्यायला आला. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलाच होता, मोठा बोलका. "वहिनी, तुम्ही आलात तर कमालच झाली. भाऊसाहेब पाचला उठले म्हणे! नाहीतर रोज आठ वाजता मी हलवतो त्यांना, तरी करवट बदलून झोपून जातात. चहा पण मीच करतो ना!"

मी हसले. राग आला तो नंतर, परतीच्या गाडीत. त्या क्षणी एवढंच मनात आलं, मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते?

ह्यांना काही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र ठरवलं, आता उठायचं नाही. पाचला डोळे उघडले ते हट्टाने मिटून घेतले आणि आठला उठले. नळ गेलेला, सासूबाई भुकेने करवादलेल्या, मुलाची शाळा बुडालेली, माझं डोकं जड. दिवसभर नुसती तारांबळ. तीही मी सोसली असती. पण त्या दिवसाचं सांगायचं कुणाला, या विचाराने मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला उठले, चहा घेऊन पायरीवर बसले. म्हटलं, तुम्ही झोपा तिकडे खुशाल, ज्यांना यायचं ते येतील. आणि आले. नेहमीसारखे ऐकत बसले.

सासूबाई खूप जगल्या. त्यांच्यामागून मुलाचं कॉलेज होतं, त्यामुळे माझं भोपाळला जाणं राहूनच गेलं. हे निवृत्त होऊन कायमचे आले तेव्हा आम्ही ग्वाल्हेरातच, हरिशंकरपुरममध्ये नवं घर घेतलं होतं. पहिल्याच पहाटे पाचला पाहते तो हे माझ्या आधी उठून चहा करून बसलेले. पायरीवर दोन कप. म्हणाले, "तिकडे मला नाही जमलं गं. तुला सांगवेना."

"माहीत आहे," मी म्हटलं.

चहात साखर कमी होती. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांची दयाही आली. पण बोलायला काही सुचेना. हे शेजारी होते, आणि ज्यांना मी सगळं सांगायची ते आले नव्हते. इतक्या वर्षांत पाचला मी कधी एकटी नव्हते. त्या दिवशी झाले.

दुसऱ्या दिवसापासून मी चारला उठते. पाचला हे दोन कप घेऊन बाहेर येतात, तोवर माझं सांगून झालेलं असतं.